पाहुणा कंडक्टर तालमीच्या पहिल्या दिवशी हवा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय : ठाणे व नवी मुंबईतील शालेय बँड पथकांचा संयुक्त कार्यक्रम आणि निमंत्रित कंडक्टर

महोदय,

येत्या हिवाळ्यात ठाणे आणि नवी मुंबईतील काही शाळांनी एकत्र यावे, प्रत्येक शाळेच्या बँड पथकातील निवडक मुलामुलींचा एक संयुक्त बँड उभा करावा आणि त्याचे संचालन बाहेरून बोलावलेल्या एखाद्या जाणत्या कंडक्टरकडे, म्हणजे समोर उभे राहून हाताने लय दाखवणाऱ्या संचालकाकडे, द्यावे, अशी कल्पना सध्या आमच्या भागातील संगीत शिक्षकांमध्ये चर्चेत आहे. कल्पना चांगली आहे आणि तिला माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र यासंबंधी झालेल्या एका बैठकीला निवृत्त शिक्षिका म्हणून मला बोलावले होते, आणि तेथील बहुतेक वेळ पाहुणा किती नामवंत असावा, त्याचे छायाचित्र फलकावर किती मोठे असावे, सत्कार कोणाच्या हस्ते व्हावा आणि स्मृतिचिन्हाचा खर्च कोणत्या शाळेने उचलावा यावरच खर्ची पडला. पाहुणा मुलांना नेमके किती तास देणार, हा प्रश्न चहा येईपर्यंत कोणी विचारला नाही आणि चहानंतर मंडळी आपापल्या वाटेला लागली. तोच प्रश्न आपल्या वृत्तपत्रातून विचारावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्या प्रथेवरून ही कल्पना आली ती मूळची अमेरिकेतील शाळांची. तेथे अशा निवडक विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाला ‘ऑनर बँड’ म्हणतात. जिल्ह्यातील किंवा राज्यातील शाळांमधून मुले चाचणी देतात. ठरवून दिलेले तुकडे आणि स्वरसप्तके वाजवून दाखवतात. मूल कोणाचे आणि कोणत्या शाळेचे हे कळू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी परीक्षक पडद्याआड बसतात. निवड झालेल्या मुलांना संगीताचे कागद आधीच घरी पोहोचतात. मग दोन-तीन दिवस ही सगळी मुले एका ठिकाणी जमतात, बहुधा एखाद्या विद्यापीठाचा बँड चालवणारे प्राध्यापक पाहुणे कंडक्टर म्हणून येतात, सकाळ-दुपार-संध्याकाळ तालीम होते आणि शेवटच्या दिवशी कार्यक्रम. म्हणजे पाहुण्याच्या वाट्याला येणाऱ्या वेळातला फार थोडा भाग प्रेक्षकांसमोरचा असतो आणि बाकी सगळा बंद दाराआड, घामाचा असतो.

या प्रथेला शंभर वर्षांचा इतिहास आहे. जोसेफ मॅडी या संगीत शिक्षकाने 1926 मध्ये डेट्रॉईट येथे भरलेल्या संगीत शिक्षकांच्या परिषदेसाठी देशभरातील शाळकरी वादकांचा एक वाद्यवृंद जमवला होता. त्यातून उत्साह वाढून 1928 मध्ये मिशिगन राज्यातील इंटरलॉकन येथे मुलांचे उन्हाळी संगीत शिबिर सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. मार्च संगीताचे, म्हणजे संचलनाच्या धूनांचे, बादशहा मानले जाणारे जॉन फिलिप सूझा उतारवयात, 1930 च्या सुमारास, तेथे पाहुणे म्हणून गेले आणि 1931 मध्ये त्यांनी या शिबिरासाठी एक मार्चही लिहून दिला. सूझांचा शेवटही या विषयाला धरूनच आहे. 1932 च्या मार्च महिन्यात ते पेनसिल्व्हेनियातील रेडिंग या गावी तेथील एका जुन्या नागरी बँडचे पाहुणे कंडक्टर म्हणून गेले होते. त्यांनी तालीम घेतली आणि त्यानंतर काही तासांतच, कार्यक्रमाआधीच, हॉटेलात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले, जगप्रसिद्ध गृहस्थ होते. तरीही तालमीला कोणा सहायकाला पाठवून स्वतः फक्त कार्यक्रमाला उभे राहावे असे त्यांना वाटले नाही, हे आपल्याकडच्या आयोजकांनी ध्यानात घ्यावे.

माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या मुलीची क्लॅरिनेटवर अशा एका बँडसाठी निवड झाली तेव्हा मी तिच्याकडे राहायला होते, आणि मीही शाळेचा बँड चालवलेली शिक्षिका आहे असे समजल्यावर तालमीच्या वेळी सभागृहाच्या मागच्या रांगेत बसण्याची परवानगी मला मिळाली. तेथे जे पाहिले ते थोडे सविस्तर सांगते, कारण पाहुणा कंडक्टर नेमके काय करतो याची आपल्याकडे फारशी कल्पना नाही.

मुले एकमेकांना अनोळखी होती. आपापल्या शाळेत पहिल्या खुर्चीवर बसणारी, म्हणजे तेथल्या भाषेत आपल्या वाद्याच्या गटात पहिली असणारी, ती सगळी मुले येथे एकत्र आल्यावर कोणी पाचव्या तर कोणी बाराव्या खुर्चीवर गेलेले होते आणि ते चेहऱ्यांवर दिसतही होते. कंडक्टर आले, दोन वाक्यांत स्वतःचे नाव सांगून मोकळे झाले आणि त्यांनी हात वर केला. पहिला स्वर खालचा, लांब आणि हळू. तो थांबवून त्यांनी वाद्ये मांडीवर ठेवायला सांगितली आणि तोच स्वर सगळ्यांना गाऊन दाखवायला लावला. वादक मुले गाताना लाजतात. ही मुलेही लाजली. दुसऱ्या वेळी मात्र सूर एक झाला, आणि मग वाद्ये उचलल्यावर तोच स्वर पहिल्यापेक्षा इतका वेगळा वाजला की मागे बसलेल्या आम्हा शिक्षकांपैकी कोणीतरी नकळत ‘वा’ म्हणाले. (ती मीच असण्याची शक्यता आहे, कारण बाकीच्यांना तो शब्द ठाऊक नव्हता.)

त्यानंतर त्यांनी तिसऱ्या क्लॅरिनेटच्या रांगेला, म्हणजे ज्यांच्या वाट्याला चाल कधीच येत नाही आणि जी नेहमी खालचे, भरीचे सूर धरतात त्या मुलांना, एकट्याने वाजवायला सांगितले आणि पहिल्या रांगेला नुसते ऐकायला बसवले. चाल वाजवणाऱ्या मुलांना आपल्या खाली काय चालले आहे हे बहुधा प्रथमच ऐकू आले असावे. ट्रँगल वाजवणाऱ्या एका मुलीजवळ ते बराच वेळ थांबले. ट्रँगल कसा टांगावा, छडी किती वजनाची घ्यावी, आघात कोणत्या बाजूवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर करावा, नाद कधी बोटांनी मिटवावा, हे त्यांनी तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतले. आपल्या शाळांत ट्रँगल कोणाकडे जातो हे सर्व बँड शिक्षकांना माहीत आहे: ज्याला दुसरे काही जमत नाही त्याच्याकडे. शेवटी एका जलद तुकड्याच्या मध्यावर त्यांनी हात खाली घेतले आणि ते नुसते उभे राहिले. बँड क्षणभर डगमगला, पण मुले एकमेकांकडे पाहू लागली, ऐकू लागली आणि ठेका सुटला नाही. हात नसतानाही चालणारा बँड घडवणे हे हात देणाऱ्याचे काम असते, हे मला तेथे डोळ्यांनी दिसले.

मागच्या रांगेत मुलांच्या शाळांमधले बँड शिक्षकही बसलेले होते आणि त्यांतील बहुतेकांच्या हातात वही होती. पाहुण्यांचा एखादा सराव आवडला की ते टिपून घेत होते, कारण सोमवारी शाळेत जाऊन तो आपल्या मुलांना द्यायचा होता. पाहुणा तीन दिवसांनी निघून जातो. त्याने केलेले काम शाळेत उरते ते या वह्यांमुळे. आमच्या बैठकीत ठरलेल्या आराखड्यात मात्र शाळेच्या शिक्षकाकडे मुलांना सोडणे, आणणे, पाण्याच्या बाटल्या पुरवणे आणि हजेरी घेणे एवढीच कामे आहेत.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहू. ठाण्यात काही वर्षांपूर्वी झालेल्या एका आंतरशालेय कार्यक्रमात, ज्याचे नाव घेण्याची गरज नाही, असाच एक पाहुणा कंडक्टर बोलावला होता. पाहुणे भले गृहस्थ होते आणि संगीतातील त्यांचा अधिकारही मोठा होता. पण ते आले कार्यक्रमाच्या दिवशी, तेही दीपप्रज्वलन आटोपल्यानंतर. मुले उन्हात गणवेशात उभी होती. भाषणे झाली, शाल-श्रीफळ झाले आणि मग पाहुण्यांच्या हातात छडी देण्यात आली. ती त्यांनी सुंदर फिरवली; परंतु मुलांचे डोळे होते आमच्या बेस ड्रमवाल्या मुलाकडे, कारण सराव त्याच्या ठोक्यावर झाला होता. पाहुण्यांनी लय किंचित वाढवू पाहिली, पुढच्या ओळीतील बासऱ्या त्यांच्याबरोबर गेल्या, मागचे ड्रम जुन्या लयीतच राहिले, आणि शेवटच्या कडव्यात दोन बँड वाजत होते. छायाचित्रे मात्र छान आली. संध्याकाळी प्रयोग आणि दिग्दर्शक दुपारी गाडीतून उतरतो, असे नाटक गडकरी रंगायतनला कोणी लावील का?

त्या दिवशी जे झाले त्यात पाहुण्यांचा दोष नव्हता आणि मुलांचाही नव्हता. शालेय बँडची घडणच अशी असते की मुले कानाने चालतात. संचलनात पुढे काठी घेऊन चालणारा बँड लीडर असतो, तो आरंभ आणि शेवट दाखवतो. मधली सगळी लय ढोलाकडून येते. पाऊल ढोलावर पडते आणि पावलावर सूर बसतो. चालताना हे ठीक आहे. पण शंभर-दीडशे मुले मैदानावर किंवा मोठ्या रंगमंचावर पसरली की कान फसवतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे चौतीस मीटर अंतरावर उभ्या असलेल्या ढोलाचा ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला 120 पावलांच्या लयीत दोन ठोक्यांमधले अंतर अवघे अर्धा सेकंद असते. त्यातला पाचवा हिस्सा असाच हवेत जातो. पुढचा मुलगा ऐकून वाजवणार, त्याचे ऐकून मागचा वाजवणार, आणि लय हळूहळू ओढली जाणार. गणपतीच्या मिरवणुकीत दोन टोकांची ढोलपथके एका ठेक्यावर का राहत नाहीत याचेही एक कारण हेच आहे. प्रकाशाला असा उशीर होत नाही. म्हणून मोठ्या समूहात लय डोळ्यांनी घ्यावी लागते आणि त्यासाठी समोर एक हात लागतो. पण ज्या मुलांनी वर्षभर कानाने वाजवले आहे त्यांना हाताकडे पाहून वाजवण्याची सवय एका सकाळी लागत नाही. पाहुण्याला पहिल्या दिवसापासून बोलवायचे ते याच साध्या कारणासाठी.

दुसरी अडचण पट्टीची. एकाच शाळेचा बँड असतो तेव्हा सगळ्या बासऱ्या एका दुकानातून, एकाच वेळी आणलेल्या असतात आणि त्या निदान एकमेकींशी जुळतात. चार शाळांच्या बासऱ्या एकत्र आल्या की चार तऱ्हेचे सूर एकत्र येतात. बिगुलाला चाव्या नसल्यामुळे त्यावर मोजकेच सूर निघतात आणि ते ज्या पट्टीचे असतील त्या पट्टीचेच राहतात. त्यात नवी मुंबईतील काही शाळांकडे आता क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आले आहेत. नेहमीच्या क्लॅरिनेटचा आणि ट्रम्पेटचा कागदावरचा ‘सा’ प्रत्यक्षात पेटीच्या काळी पाचला लागतो, ऑल्टो सॅक्सोफोनचा काळी दोनला. म्हणजे एकच कागद सगळ्यांना वाटून चालत नाही, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहावा लागतो. हे काम रात्री जागून करण्याचे आहे आणि ते मुले जमण्याच्या कित्येक आठवडे आधी पूर्ण व्हायला हवे. शिवाय फुंकून वाजवायची वाद्ये गार असताना खाली बोलतात आणि तापली की सूर चढतो, हे ठाऊक नसलेला आयोजक मुलांना सकाळी वाद्य उघडल्याबरोबर सूर जुळवायला लावतो आणि नऊ वाजता सगळे पुन्हा बिघडले म्हणून मुलांनाच रागावतो.

पाहुण्यांविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण सगळा दोष आयोजकांच्या पदरात टाकणे बरोबर होणार नाही. काही पाहुणे आपल्या कीर्तीला साजेसे म्हणून असे अवघड संगीत निवडतात की मुलांचा सगळा वेळ सूर शोधण्यातच जातो. परदेशात शालेय बँडच्या संगीताची सोप्यापासून अवघडापर्यंत साधारण 1 ते 6 अशी श्रेणी लावलेली असते आणि सुजाण कंडक्टर मुले जितके पेलू शकतील त्याच्या एक पायरी खालचे निवडतो, म्हणजे सूर हाती आल्यावर संगीताकडे वळायला वेळ उरतो. आपल्याकडे अशी श्रेणी नाही, त्यामुळे संगीत ठरवताना पाहुण्याने शाळेच्या शिक्षकांशी आधी बोललेच पाहिजे. काही पाहुणे तालमीत गोष्टी फार सांगतात. मुले हसतात, पालक खूश होतात आणि तासभर एकही वाद्य वाजत नाही. आणि काहींना मुलांसमोर त्यांच्या शिक्षकाची चूक काढण्याची खोड असते. अशा पाहुण्याने सूर सुधारला तरी त्या शिक्षकाची शाळेतली वर्षभराची पत जाते, आणि ती परत आणून द्यायला पाहुणा येत नाही.

आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वेगळाच आक्षेप घेतला, तो मला महत्त्वाचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे की आपली परंपरा गुरूची आहे, पाहुण्याची नाही. तीन दिवस येऊन जाणाऱ्याकडून मूल काय शिकणार? त्यांनी मैहर बँडचे उदाहरण दिले. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी 1918 च्या सुमारास मैहर संस्थानात अनाथ मुलांना जमवून वाद्यवृंद उभा केला, बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग नावाचे वाद्य तयार केले आणि त्या मुलांना स्वतः वर्षानुवर्षे घडवले. उदाहरण बिनतोड आहे. पण त्यातून मी निष्कर्ष वेगळा काढते. मैहरमध्ये खाँसाहेब होते म्हणून पाहुण्याची गरज नव्हती. वागळे इस्टेटच्या किंवा घणसोलीच्या शाळेतील बँड शिक्षक हा बहुधा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असतो, त्याच्या गळ्यात शिट्टीही असते आणि निवडणुकीची कामेही. तो मुलांना मनापासून शिकवतो, परंतु त्यालाही कोणीतरी हात दाखवावा लागतो. पाहुणा मुलांसाठी जितका, तितकाच त्या शिक्षकासाठी बोलवायचा आहे. आणि निरनिराळ्या शाळांतील मुलांना एकत्र करून बाहेरच्या संगीतकाराने त्यांच्याकडून तयारी करून घेणे हे महाराष्ट्राला अगदीच नवे नाही. संगीतकार वसंत देसाई यांनी शाळकरी मुलांच्या समूहगानासाठी घेतलेले कष्ट आमच्या पिढीला आठवतात.

मुंबईचा या विषयाशी आणखी एक धागा आहे, तो फारसा कोणाच्या लक्षात नसतो. मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता जगभर गाजले, ते सर्वांना माहीत आहे. पण वडिलांनी पुढे लॉस एंजेलिसमध्ये 1964 साली तरुण वादकांचा अमेरिकन यूथ सिम्फनी हा वाद्यवृंद उभा केला आणि वयाची नव्वदी जवळ येईपर्यंत, 1998 पर्यंत, तो चालवला. तरुणांना वाद्यवृंदात बसायला शिकवण्यात मुंबईच्या एका माणसाने परदेशात तीन दशकांहून अधिक काळ घालवला आणि इथल्या आपल्या मुलांना मात्र वाद्यवृंदाची तालीम कशी असते हेही पाहायला मिळू नये, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

पाहुणे आणायचे कोठून, असे विचारले जाते. फार लांब जावे लागणार नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि तेथे परदेशी कंडक्टर येत असतात. त्यांतील एखादा एक दिवस ठाण्याला आला तर आनंदच आहे. पण माझ्या मते शालेय बँडसाठी त्याहून योग्य माणसे सैन्यदलांच्या आणि पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेले बँड मास्तर आहेत. पचमढीच्या लष्करी संगीत विद्यालयात किंवा नौदलात शिक्षण झालेले हे लोक फुंकवाद्ये आणि ढोल दोन्ही जाणतात, चालत वाजवणे आणि बसून वाजवणे यांतला फरक जाणतात, नोटेशन वाचतात, लिहितात आणि मुख्य म्हणजे वेळेवर येतात. त्यांच्या नावाने नाट्यगृह भरणार नाही, हे खरे. नाट्यगृह आजी-आजोबांनी भरते. त्यासाठी फलकावर नामवंत लागत नाही.

निवडीबाबत मात्र मला धास्ती आहे. घोडबंदरच्या किंवा पाम बीच रस्त्यालगतच्या शाळांतील काही मुले खासगी शिकवणीला जातात, परदेशी मंडळांच्या परीक्षा देतात आणि त्यांच्याकडे स्वतःचे वाद्य असते. महापालिकेच्या शाळेतील मुलगा शाळेचा बिगुल वाजवतो आणि तो बिगुल सुट्टीत कपाटात बंद असतो. दोघांची चाचणी कागद वाचून घेतली तर निकाल आधीच लागलेला आहे. अमेरिकेतही या प्रथेवर हीच टीका होते की शिकवणी परवडणारी मुले पुढे जातात. म्हणून चाचणीत वाचनापेक्षा ऐकून वाजवणे, ठेका धरणे, सूर जुळवणे आणि शेजाऱ्याबरोबर वाजवणे यांना अधिक गुण असावेत, आणि निवड झालेल्या मुलाला शाळेने वाद्य दिवाळीच्या सुट्टीत घरी नेऊ द्यावे. हरवले तर काय, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न मी नोकरीत असताना अनेकदा ऐकला आहे. कपाटात ठेवलेली वाद्येही गंजून जातातच. त्यांचा पंचनामा होत नाही, एवढाच फरक.

खर्चाचे आणि जागेचे म्हणाल तर तालमीसाठी नाट्यगृह भाड्याने घेण्याचे कारण नाही. ठाणे आणि नवी मुंबई यांच्या मधोमध, ऐरोली किंवा कोपरखैरण्याच्या एखाद्या शाळेचे सभागृह दोन्हीकडच्या मुलांना ट्रान्स-हार्बर लोकलने सोयीचे आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी गाड्यांना गर्दीही कमी असते. दहावीची मुले जानेवारीनंतर मिळत नाहीत आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणारी मुलेही मिळत नाहीत, तेव्हा तालमी नाताळच्या सुट्टीत उरकाव्यात. पुष्पगुच्छ, शाली, स्मृतिचिन्हे आणि फ्लेक्स यांवर आराखड्यात जी रक्कम धरली आहे तेवढ्यात पाहुण्याचा तीन दिवसांचा मुक्काम, जेवण आणि योग्य मानधन सहज भागेल, असा माझा अंदाज आहे. मानधन द्यावेच. फुकट बोलावलेल्या माणसाला तालमीला थांबा म्हणण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही.

तेव्हा संबंधित शाळांना माझी जाहीर विनंती आहे की पाहुण्यांचे नाव घोषित करतानाच ते किती दिवस आणि किती तास तालीम घेणार हेही घोषित करावे. संगीताचे कागद दिवाळीपूर्वी शाळांमध्ये पोहोचवावेत. आणि तालमीच्या तिन्ही दिवशी प्रत्येक शाळेच्या बँड शिक्षकाची हजेरी कामाचा दिवस म्हणून धरून त्याला सभागृहात, वहीसकट, बसू द्यावे. पाहुण्यांना तीन दिवस शक्य नसतील तर त्यांना प्रेक्षकांत मानाने पहिल्या रांगेत बसवावे आणि छडी आपल्याच शिक्षकांपैकी कोणाच्या तरी हाती द्यावी. कोणत्याही शाळेला वेगवेगळ्या वाद्यांसाठी पट्टी बदलून कागद लिहून हवे असल्यास ते काम मी विनामूल्य करून देईन; फक्त मूळ चाल आणि आपल्याकडील वाद्यांची यादी ऑक्टोबरच्या सहामाही परीक्षेपूर्वी माझ्याकडे यावी. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संगीत शिक्षिका
घंटाळी, ठाणे (प.)